घटक ४ : गाडगेबाबा आणि आरोग्यशिक्षणाची बोली

४.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण सार्वजनिक आरोग्य, रोगप्रतिबंध, परिसर-स्वच्छता आणि आरोग्यशिक्षण या संज्ञांचा परिचय करून घेतला. समाजाच्या संघटित प्रयत्नांतून रोग टाळण्याचे, आयुष्य वाढविण्याचे आणि आरोग्य सुधारण्याचे शास्त्र व कला म्हणजे सार्वजनिक आरोग्य, अशा आशयाची व्याख्या अमेरिकन अभ्यासक विन्स्लो यांनी १९२० मध्ये केली. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य होय, ही भूमिका १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने मान्य केली. या व्याख्या परीक्षेसाठी पाठ करता येतात. परंतु त्या एखाद्या गावात, चिखल-मातीत कशा उतरतात हे व्याख्येतून कळत नाही. ते पाहण्यासाठी या घटकात एका माणसाचे चरित्र घेतले आहे. विन्स्लो आपली व्याख्या लिहीत होते त्याच सुमारास वऱ्हाडातला एक निरक्षर माणूस हातात खराटा घेऊन महाराष्ट्रातील यात्रास्थाने झाडत होता आणि यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी वर्गणी मागत होता. महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखतो.

आरंभीच पद्धतीविषयी एक खुलासा. बाबांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. प्रबोधनकार ठाकरे, गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या चरित्रकारांनी त्यांना जवळून पाहिले आणि लिहिले. त्यांच्या नावावर आज भिंतींवर आणि दिनदर्शिकांवर दिसणाऱ्या अनेक वचनांचे मूळ मात्र तपासता येत नाही. म्हणून या घटकात त्यांचे एकही वाक्य अवतरणात दिलेले नाही. त्यांनी काय केले आणि कशा रीतीने बोलले, एवढेच सांगितले आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटावी.

४.२ डेबूजी

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी आणि आई सखूबाई. बलुतेदारीच्या व्यवस्थेत परिटाचे काम गावाचे मळलेले कपडे धुण्याचे; म्हणजे गावाची घाण दूर करणारा, पण गावाच्या लेखी खालच्या पायरीवर उभा असलेला. हा तपशील पुढे लक्षात ठेवावा लागेल.

झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्यातच अकाली वारले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आल्या. तेथे पूर्णा नदीच्या काठी डेबूजीचे बालपण गुरे राखण्यात आणि शेतकामात गेले. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. १८९२ मध्ये कुंताबाईंशी विवाह झाला. मामा चंद्रभानजी यांची जमीन सावकाराच्या खोट्या हिशेबात अडकली आणि हातची गेली, हा प्रसंग सर्वच चरित्रकार सांगतात. अक्षर न येणाऱ्या माणसाला कागद कसा गिळतो हे डेबूजीने घरातच पाहिले. पुढे आयुष्यभर तो शिक्षणाचा आग्रह धरत राहिला, त्याचे मूळ येथे आहे.

मुलीच्या, आलोकाच्या, बारशाला डेबूजीने भाऊबंदांना दारू आणि मटणाऐवजी गोडाचे जेवण वाढले. त्या काळी जातीच्या रिवाजाविरुद्ध असे वागणे ही लहान गोष्ट नव्हती. पंगतीत कुरबुर झाली. पण दारूने बाप गेलेल्या माणसाने घरच्या कार्यातून ती काढून टाकली, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगे आहे. आजच्या परिभाषेत याला जोखमीचा घटक ओळखणे आणि वर्तनबदल म्हणतात. डेबूजीने उपदेश न करता आधी आपल्याच अंगणातली पंगत बदलली.

४.३ रोगाचे नाव आणि रोगाचे कारण

डेबूजी ज्या काळात वाढला त्या काळातील खेड्याला साथीचे रोग नवीन नव्हते. पटकी, देवी, हिवताप हे नेहमीचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि हळूहळू प्रांतभर पसरला. त्याच्याच मागेपुढे दुष्काळ. पटकीला मरीआईचा कोप मानले जाई. देवीला शीतला किंवा नुसतेच बया म्हणत. येथे भाषेचा एक गमतीचा धागा आहे. मराठीत रोगाचे नावही देवी आणि दैवताचे नावही देवी. इतकेच नव्हे, तर त्या रोगाची लस टोचण्यालाही आपण देवी काढणे असेच म्हणत आलो. भारतात देवीची लस पहिल्यांदा १८०२ मध्ये मुंबईत टोचली गेली, म्हणजे हा शब्दप्रयोग चांगला जुना असणार. विज्ञान आले, पण लोकांनी त्याला आपल्या ओळखीच्या शब्दाच्या घरातच जागा दिली. भारतातून हा रोग १९७५ मध्ये हटला, १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून गेल्याचे जाहीर केले. शब्द मात्र वृद्ध माणसांच्या दंडावरच्या व्रणासारखा शिल्लक आहे.

मरीआईच्या संदर्भात दुसरी एक रूढी पाहण्यासारखी आहे. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून, नैवेद्य आणि बळी देऊन तो गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढचे गाव तो आपल्या शिवेपलीकडे ढकलत असे. या रूढीला नुसते अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तिच्यात एक निरीक्षण दडलेले आहे: रोग एका गावातून दुसऱ्या गावात प्रवास करतो, हे लोकांना माहीत होते. कशावर बसून प्रवास करतो, एवढेच माहीत नव्हते. तो गाड्यावर बसून जात नव्हता. पाण्यातून आणि माणसाच्या विष्ठेतून जात होता.

पटकीचे कार्य कसे चालते, हे थोडक्यात पाहू. पटकीचे जंतू रोग्याच्या जुलाबातून बाहेर पडतात. नदीकाठी किंवा विहिरीजवळ शौच झाले की पावसाने वा वापराच्या पाण्याने ते पिण्याच्या पाण्यात उतरतात आणि दुसऱ्याच्या तोंडावाटे पोटात जातात. काही तासांपासून पाचेक दिवसांत त्यालाही जुलाब सुरू होतात. शरीरातले पाणी आणि क्षार इतक्या झपाट्याने जातात की उपचार न मिळाल्यास धडधाकट माणूस एका दिवसात दगावू शकतो. अनेकांना सौम्य लक्षणे होतात किंवा होतही नाहीत, पण जंतू तेही पसरवतात. म्हणून केवळ आजारी दिसणाऱ्याला दूर ठेवून साथ थांबत नाही. लंडनमध्ये १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद नकाशावर मांडून एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले आणि त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. जंतू ओळखण्याचे काम रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कोलकाता येथे केले. म्हणजे डेबूजी आठ वर्षांचा असताना पटकीचे कारण विज्ञानाला समजलेले होते. ते दापुऱ्याच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचलेले नव्हते.

ज्ञान असणे आणि ते पोहोचणे यांतील या अंतरालाच आरोग्यशिक्षणाचा प्रांत म्हणतात. सरकारने हे अंतर कायद्याने आणि बळाने ओलांडू पाहिले. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या निमित्ताने झाला. पुण्यात त्या वर्षी घरांची झडती, रोग्यांना जबरदस्तीने हलवणे, सामान जाळणे हे प्रकार झाले. लोकांचा संताप इतका वाढला की जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. रोगी वेगळा ठेवणे हा उपाय वैद्यकीयदृष्ट्या निराधार नव्हता. तो ज्या भाषेत आणि ज्या हातांनी लोकांपर्यंत आला, त्या भाषेत लोकांना जप्ती ऐकू आली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हा धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला आहे.

४.४ खराटा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजीने घर सोडले. मागे आई, पत्नी आणि लेकरे राहिली. चरित्रग्रंथांत या प्रसंगाला त्यागाचे तेज दिलेले असते. त्या त्यागाचा मोठा हिस्सा कुंताबाईंनी न मागता उचलला, ही गोष्टही अभ्यासकाने नोंदवली पाहिजे.

पुढील सुमारे बारा वर्षे भटकंतीची. अंगावर चिंध्यांचे ठिगळ लावलेले वस्त्र, डोक्यावर कधी मडक्याचे खापर, तेच जेवणाचे भांडे आणि तेच पाण्याचे, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. या गाडग्यावरून त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. काही भागांत गोधडेबुवा, चिंधेबुवा अशी नावे पडली. हा वेश वैराग्याचा नेहमीचा नव्हता. भगवे वस्त्र घातलेल्या माणसाच्या लोक पाया पडतात, त्याचे ऐकतात आणि घरी जातात. बाबा कोणाला पाया पडू देत नसत, कोणाला शिष्य करीत नसत.

गावात आले की ते न बोलता झाडायला लागत. वेशीपासून सुरुवात, मग चावडी, देवळासमोरची जागा, गटार. कोणी विचारले तर काम थांबवत नसत. थोड्या वेळाने गावातली चार माणसे लाजेने किंवा कुतूहलाने हातात झाडू घेत. संध्याकाळपर्यंत गाव झाडून झालेले असे आणि रात्री कीर्तन होई. या क्रमात आरोग्यशिक्षणाचे एक महत्त्वाचे तत्त्व आहे, ज्याला आज प्रात्यक्षिक किंवा सहभागातून शिक्षण म्हटले जाते: आधी कृती, नंतर तिचा अर्थ. आपल्या बहुतेक शासकीय मोहिमांचा क्रम याच्या उलट असतो. आधी भाषण, मग छायाचित्रापुरता झाडू.

ऋणमोचनचे उदाहरण अधिक बारकाईने पाहू. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी हे यात्रास्थान आहे. पौषात येथे यात्रा भरते. नदीत उतरायला नीट वाट नव्हती. चिखलातून घसरत, पडत लोक पाण्यापर्यंत जात. बाबांनी तेथे स्वतः माती टाकून वाट बांधायला सुरुवात केली. लोक जमले, वर्गणी झाली, घाट झाला. १९०८ मध्ये तेथे लक्ष्मीनारायणाचे मंदिरही उभे राहिले. कीर्तनात दगडाच्या देवाला प्रश्न विचारणारा हा माणूस मंदिर कसे बांधतो, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. उत्तर सरळ नाही. माझ्या मते बाबांनी श्रद्धेचे ठिकाण मोडण्यापेक्षा तिथे जमणाऱ्या गर्दीला उपयोगी पडेल असे काहीतरी उभारणे पसंत केले. लोक यात्रेला येणारच. मग त्यांना उतरायला घाट, थांबायला ओसरी आणि स्वच्छ जागा असावी. वागणूक बदलायची असेल तर तिच्या आड येणारी अडचण आधी दूर करावी लागते. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छतेवर व्याख्यान देऊन काय साधणार?

येथे जातीचा मुद्दा टाळता येत नाही. खराटा हे या समाजात निव्वळ साधन नाही. तो कोणाच्या हातात असावा हे जन्माने ठरलेले होते. परिटाच्या घरात जन्मलेला माणूस गावाची वेस झाडतो यात रूढीला धक्का बसेलच असे नाही. पण तोच माणूस रात्री सर्व गावासमोर उभा राहून बोलतो, आणि पाटलापासून सर्वांनी सकाळी खराटा हाती धरलेला असतो, तेव्हा त्या साधनाचा अर्थ बदलतो. पुढे बाबांच्या नावाने ज्या स्वच्छता मोहिमा झाल्या त्यांत खराटा घेतला गेला, हा अर्थ बहुधा मागे राहिला. देशात हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला, यावरून ती गाठ किती घट्ट आहे हे दिसते. स्वच्छता कोणी करायची हा प्रश्न न विचारता केलेले स्वच्छतेचे शिक्षण अर्धेच असते.

४.५ कीर्तन : प्रश्नांची रीत

भाषेच्या अभ्यासकाला गाडगेबाबा सर्वांत जास्त भेटतात ते त्यांच्या कीर्तनात. त्यांच्या अखेरच्या काळातील एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मिळेल तेव्हा ते अवश्य ऐकावे. पुस्तकात वाचलेले बाबा आणि कानांनी ऐकलेले बाबा यांत फरक आहे.

नारदीय कीर्तनाची घडण आपणांस माहीत आहे: नमन, पूर्वरंग, मधले भजन, उत्तररंग, आख्यान. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचे निरूपण होते. दोन्हींत कीर्तनकार सांगतो आणि श्रोते ऐकतात. बाबांनी ही दिशा बदलली. ते विचारत आणि लोक उत्तर देत. नामघोष हा मध्ये मध्ये श्वास घ्यायला. प्रश्न असा की त्याचे उत्तर होय किंवा नाही, फार तर एका शब्दात यावे. पहिले दोन-तीन प्रश्न अगदी सोपे, ज्यांवर सगळे एका सुरात उत्तर देतील. मग हळूच असा प्रश्न की ज्याचे उत्तर देताना आधीच दिलेल्या उत्तरांनी माणूस बांधला गेलेला असतो. देवळात अंधार झाला की देव दिसत नाही, दिवा लावला की दिसतो, हे लोकांकडून वदवून घ्यायचे. मग मोठे कोण, हे त्यांनाच विचारायचे. दारूवर किती जाते, मुलाच्या शाळेवर किती, याचा हिशेब सभेसमोर मांडायचा आणि बेरीज श्रोत्यांनी करायची. निष्कर्ष बाबा सांगत नसत. तो लोकांच्या तोंडून बाहेर पडे. स्वतःच्या तोंडून निघालेले वाक्य माणसाला नाकारणे जड जाते. अथेन्सच्या सॉक्रेटिसाची आठवण येथे कोणालाही व्हावी, पण बाबांना तिथवर जायची गरज नव्हती. चावडीवरच्या वादात आणि बाजारातल्या घासाघिशीत ही रीत आपल्याकडे रोज चालते.

दुसरी गोष्ट बोलीची. बाबा वऱ्हाडीत बोलत, आणि कोकणात वा देशावर गेले तरी ती सोडत नसत. तरीही ते समजत, याचे कारण शब्दसंग्रहात आहे. त्यांच्या बोलण्यात भाववाचक संस्कृत नामे फार थोडी. भाकर, बैल, कर्ज, लुगडे, पाणी, ताट अशी वस्तूंची नावे आणि रोजची क्रियापदे अधिक. वस्तूचे नाव बोलीबोलीत थोडे बदलते, पण वस्तू डोळ्यांसमोर येते. अस्वच्छता असे म्हटले की काहीच दिसत नाही. गटार, माशी, शिळे अन्न म्हटले की दिसते. आरोग्यशिक्षणाच्या साहित्यात आपण नेमकी उलटी चूक करतो. निर्जलीकरण, निर्जंतुकीकरण, मौखिक पुनर्जलन हे शब्द कार्यालयात तयार होतात आणि भित्तिपत्रकावर वाळत राहतात. उलट जलसंजीवनी हा शब्द पाहा. तोही संस्कृतच, पण जल आणि संजीवनी हे दोन्ही शब्द कथाकीर्तनांतून लोकांच्या कानावर आधीच पडलेले होते, म्हणून तो रुजला. साखर-मिठाच्या या पाण्याची ताकद १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखवून दिली. शिरेतून द्यायची सलाईन अपुरी पडू लागली तेव्हा त्यांनी नातेवाइकांच्याच हाती हे मिश्रण दिले. पटकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. तो उपचार जितका औषधाचा, तितकाच समजावून सांगण्याचा होता.

शब्द निवडताना ग्रामीणपणाचे सोंग आणले तर ते लोकांना ताबडतोब कळते, हेही येथे सांगितले पाहिजे. बाबांची बोली त्यांची स्वतःची होती.

तिसरी गोष्ट बोलणाऱ्याच्या पतीची. दिवसभर गटार उपसलेला माणूस रात्री स्वच्छतेविषयी विचारतो, तेव्हा त्याच्या प्रश्नाला वेगळे वजन येते. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. या प्रसंगाचे कौतुक करावे की त्यातली कठोरता पाहून अस्वस्थ व्हावे, हे प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवावे. श्रोत्यांच्या मनावर त्याचा परिणाम मात्र खोल झाला.

४.६ धर्मशाळा

खराट्याने जागा झाडता येते. यात्रेला येणाऱ्या हजारोंच्या गर्दीची सोय होत नाही. पंढरपूरची वारी हे याचे ठळक उदाहरण. आषाढात, ऐन पावसाळ्यात, लहानशा गावात लाखोंची वस्ती होई. राहायला जागा नाही, वाळवंटातच मुक्काम, तेथेच शौच आणि तेथलेच पाणी. पटकीच्या प्रसाराला याहून सोयीची परिस्थिती दुसरी नसेल. यात्रा संपली की माणसे आपापल्या गावी जात आणि रोगही त्यांच्याबरोबर जात असे.

बाबांनी १९१७ मध्ये पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९२० मध्ये मराठा धर्मशाळा. पुढे नाशिक, आळंदी, देहू येथेही अशा वास्तू झाल्या. धर्मशाळा म्हटले की आपल्याला दानधर्म आठवतो. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर ती पायाभूत सोय आहे: छप्पर, स्वयंपाकाची कोरडी जागा, राखलेले पाणी. औषध न देता रोग रोखण्याचा हा मार्ग प्राथमिक प्रतिबंधात मोडतो.

चोखामेळा हे नाव मुद्दाम दिलेले आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंना पंढरपुरात कोणी ओसरीही देत नसे. सर्वांत उघड्यावर आणि सर्वांत दूषित पाण्याच्या जवळ त्यांनाच राहावे लागे. रोग सर्वांना सारखा होतो असे आपण म्हणतो, ते खरे नाही. कोणाला किती होणार हे पुष्कळदा निवारा, अन्न, पाणी आणि समाजातील स्थान ठरवतात. यांनाच आरोग्याचे सामाजिक निर्धारक म्हणतात. बाबांनी ही संज्ञा ऐकली नव्हती, पण पहिली धर्मशाळा कोणासाठी हवी याचा निर्णय त्यांनी अचूक घेतला. पुढे ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांसाठी सोपवली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशीही त्यांचा असाच स्नेह होता. कराडचे १९५४ मध्ये सुरू झालेले रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय गाडगे महाराजांच्या नावाने आहे.

त्याच १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. या कामाचे महत्त्व खेड्यातून मुंबईला रोगी घेऊन गेलेल्या माणसालाच पुरते कळेल. खाट रोग्याला मिळते. त्याच्याबरोबर आलेली म्हातारी आई किंवा बायको पदपथावर झोपते, बाहेरचे अन्न खाते आणि पैसे संपले की उपचार अर्धा टाकून रोग्याला घेऊन परत जाते. रुग्णालयाच्या हिशेबात ही माणसे नसतात. भोर समितीने १९४६ मध्ये स्वतंत्र होऊ घातलेल्या देशासाठी आरोग्यसेवेचा विस्तृत आराखडा मांडला होता आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी सेवेविना राहू नये, हे त्याचे मुख्य तत्त्व होते. बाबांनी त्या तत्त्वातली रात्रीच्या मुक्कामाची फट पाहिली.

एवढ्या वास्तू उभ्या करूनही त्यांनी त्यांवर कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन या कामांची व्यवस्था लागली. बाबा मात्र खापर घेऊन फिरतच राहिले.

४.७ अखेर

१९५६ मध्ये प्रकृती खालावलेली असतानाही कीर्तने चालू होती. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, त्या बातमीचा बाबांना मोठा धक्का बसला असे चरित्रकार सांगतात. त्यानंतर दोन आठवड्यांत, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर वाहनातच त्यांचे प्राण गेले. अमरावतीत त्यांची समाधी आहे.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले. अनेक गावे त्या निमित्ताने खरोखर बदलली, लोकांनी श्रमदान केले, हे मान्य करावे लागेल. बक्षिसाची स्पर्धा संपल्यावर काय टिकले, हा प्रश्न मात्र प्रत्येक गावात वेगळा विचारावा लागतो. पाण्याविना बांधलेले शौचालय सरपण ठेवायला वापरले जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे लोकांना दोष देण्याआधी ऋणमोचनचा चिखल आठवावा.

४.८ उपक्रम

हा अभ्यासक्रम घेणारे अनेक विद्यार्थी नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावांत राहतात. या भागात एकाच शिवारात अहिराणी, गुजरी, भिली आणि सातपुड्याच्या बाजूला पावरी ऐकू येते; प्रमाण मराठी ही शाळेची आणि कार्यालयाची भाषा. आपल्यापैकी काही जणी आशा किंवा अंगणवाडी सेविका म्हणून काम करीत असाल, तर बालकाच्या जुलाबाविषयी, गरोदरपणातील रक्तक्षयाविषयी किंवा सिकलसेल तपासणीविषयी घरोघरी बोलताना कागदावरची मराठी बाजूला ठेवावी लागते, हा आपला रोजचा अनुभव असेल.

गावातील आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत किंवा शाळेच्या भिंतीवरील एक आरोग्यविषयक मजकूर निवडा आणि तो जसाच्या तसा वहीत उतरवा. त्यातील कोणते शब्द घरात वापरले जात नाहीत ते अधोरेखित करा. मग घरातील किंवा शेजारच्या, शाळेत न गेलेल्या एका ज्येष्ठ व्यक्तीला तो वाचून दाखवा आणि तिला काय समजले ते तिच्याच बोलीत, तिच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. शेवटी त्याच मजकुराचे सहा ते आठ प्रश्न तयार करा. पहिला प्रश्न असा असावा की सर्वांना उत्तर देता येईल, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकणाऱ्याने द्यावे, तुम्ही नव्हे. हे प्रश्न प्रमाण मराठीत लिहिण्याची आवश्यकता नाही. ज्या बोलीत विचारणार आहात त्याच बोलीत, देवनागरीत, जसे ऐकू येते तसे लिहावे आणि संपर्कसत्रास येताना वही सोबत आणावी.